दिल्ली ते लंडन, चार तासांत

इंदूरच्या गिरणीच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं हजेरी घेतली. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली, तेव्हा चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात राजवाड्याजवळच्या श्रीकृष्णजींच्या ट्रॅव्हल एजन्सीत त्यांनी मला महिनाभर पारखायला ठेवलं. आज त्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी हो की नाही ते सांगणार होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

श्रीकृष्णजी माणूस भला, पण जन्म गेला बेटमा-धारच्या बसची तिकिटं विकण्यात. विमानाचं काम नवंनवं, आणि रुबाब असा की विमान यांच्याच अंगणातून उडतं.

दुपारी पद्मजाताई आल्या, शाळेतल्या रिटायर्ड बाई. लेकीच्या बाळंतपणाला एकट्या लंडनला निघाल्या होत्या. शुगरची बीमारी, इंजेक्शन वेळेवर लागायचं, म्हणून विमानात किती तास ते विचारत होत्या. श्रीकृष्णजींनी टाइमटेबलावर बोट ठेवलं. दिल्लीहून अडीचला सुटतं, लंडनला साडेसहाला पोचतं, म्हणजे चार तास. इंजेक्शन घेऊनच बसा, पुढचं लेकीकडे घ्या, असं सांगून मोकळेही झाले.

माझं डोकंच फिरलं. आमच्या शेठनं फाटकावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं आणि आत कामाच्या खात्यातलं दहा मिनिटं मागं. कामगाराची येण्याची वेळ एकावर मोजायची, सुटायची दुसऱ्यावर. त्या भानगडीत बावीस वर्षं काढलेला माणूस न जुळणाऱ्या दोन घड्याळांची वजाबाकी करत नाही. गप्प बसलो असतो तर नोकरी पक्की होती. पण बाईंच्या जिवाचं काय?

"श्रीकृष्णजी, हे चूक आहे," मी गिऱ्हाइकासमोरच बोललो. "भिंतीवरच्या नकाशावर अंतर छापलंय, सहा हजार सातशे किलोमीटर. विमान ताशी आठशेनं जातं. चार तासांत अर्धा रस्ताही होत नाही. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आहे. साडेनऊ तास लागतात."

त्यांचा चेहरा लाल झाला. इथं मालिक कोण आहे, असं त्यांनी मला हिंदीत ऐकवलं आणि तावातावानं दिल्लीच्या एअरलाइनला एसटीडी लावला. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग रिसीव्हर ठेवून पद्मजाताईंना हळूच म्हणाले, साडेनऊ.

मी ताईंना सांगितलं, डॉक्टरांकडे जा, साडेनऊ तास सांगा आणि इंजेक्शनची वेळ लिहून घ्या. हातातलं घड्याळ लेकीच्या घरापर्यंत इंदूरच्याच वेळेवर ठेवा.

दुकान बंद करताना श्रीकृष्णजी म्हणाले, "कल से पक्के, भाऊरावजी. पण गिऱ्हाइकासमोर माझी इज्जत काढायची नाही."

"चूक सांगितलीत तर काढणार," मी म्हणालो.

ते हसले. मी नाही हसलो.

घरी बायकोला, इंदुमतीला सांगितलं. सकाळी निघताना तिनं माझ्या हातात डबा दिला. महिनाभर दुपारी जेवायला घरीच या म्हणायची. नोकरीचा डबा तिनं दोन वर्षांत भरला नव्हता. चौकापर्यंत मी ताठ चाललो, मग डोळे पुसले.