खिडकीतला कूलर हटत नाही

खट्!

भर दुपारची वेळ होती. लाईट गेलेली, म्हणून घर मुकं झालेलं. पाळण्यातलं बाळसुद्धा रडून रडून थकलेलं. अशात लाईट परत आली, तो आवाज झाला आणि मागोमाग घर्रर्र सुरू झालं. मित्रांनो, तो आवाज माझा. मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, अंगानं जाडजूड, रंग उडालेला. सेलूत बसवंतरावांच्या घराच्या पुढच्या खिडकीला, बाहेरच्या बाजूनं, लोखंडी घोडीवर उभा आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी इथून हलणार नाही. मला हलवायला निघालेल्यांचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म परभणीचा. सिद्धोधन मिस्त्रींनी पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून मला आकार दिला, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत गवत भरलं आणि पोटात पंखा बसवला. टेम्पोत चढवताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाय बाबा, बघ आता सेलूची उन्हं."

बघितली की! एकही उन्हाळा चुकवला नाही. पहिल्या दिवशी बसवंतराव माझ्यासमोर पाट टाकून बसले आणि सदऱ्याची बटणं सोडून बायकोला म्हणाले, "शांतम्मा, नदीच आणून बांधली गं खिडकीला!" घरात लग्न असलं की पाहुण्यांच्या बाजा माझ्यासमोर पडायच्या. पोरं माझ्या तोंडाशी तोंड लावून 'आऽऽऽ' ओरडायची आणि आवाज थरथरला की खिदळायची. मी मागायचो तरी काय? टाकीभर पाणी आणि छताच्या पंख्याहून थोडी जास्त वीज. बाहेरची लू ओल्या गवतातून ओढून घ्यायची आणि गार करून आत सोडायची, एवढंच माझं काम. हवा जितकी कोरडी, तितका मी गार. पावसाळी दमट हवेत माझं फार चालत नाही, तेही कबूल करतो. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

मग शेजारच्या बन्सीधरशेठनी एसी बसवला.

बसवंतरावांचा मुलगा रुद्रेश एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसला. दारं बंद, खिडक्या बंद आणि आत पौष महिन्याची थंडी. घरी आला तो त्याच तंद्रीत. आल्या आल्या त्यानं मागची खिडकी लावली, दार लावलं, दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली. "सगळा गारवा बाहेर जायलाय. उगंच न्हाई आपल्या घरात उकडत!"

मित्रांनो, घात झाला तो इथं. अहो, एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. मी बाहेरून नवी हवा आणतो. येणाऱ्याला दार उघडलं, पण जाणाऱ्याचं दारच लावून घेतलं, तर घरात गर्दीच होणार ना? मी ओली हवा आत ढकलत राहिलो आणि ती तिथंच साचत राहिली. चार दिवसांत भिंती ओलावल्या, पापड मऊ पडले. शांतम्मांच्या पूजेतलं भस्मसुद्धा दमट होऊन त्याचे गोळे झाले. आणि पाळण्यातल्या बाळाच्या, शंभूराजच्या, मानेवर घामोळ्यांची लाल रांगोळी उठली.

आळ कुणावर? माझ्यावर!

"हे डबडं आता भंगारात," रुद्रेश म्हणाला. "रविवारी एसी आणायचा. दुकानात सांगून आलोय."

शांतम्मांनी नातवाच्या मानेवर फुंकर घातली. "आण बाबा. लेकराचं बघवंना."

त्रिवेणी, रुद्रेशची बायको, बाळाचे कपडे घडी घालत होती. ती हळूच म्हणाली, "आन् माझी शिलाई मशीन? बचत गटात त्यासाठीच पैसे ठेवले होते ना आपण?"

"मशीन काय पळून जायलीय का? लेकरू मोठं का मशीन मोठी?"

त्रिवेणीनं मान खाली घातली. पण घडी घालणारे हात थांबले, ते मी बघितलं. लग्नाआधी ती माहेरी, बोरीत, गावभरच्या पोरींचे परकर शिवायची. मशीन आली की पुन्हा शिवणार होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. माझ्या पोटात बुक्की मारून म्हणाला, "पत्रा चांगला हाय, रविवारी नेतो." तुमच्या पोटात कुणी अशी बुक्की मारली तर तुम्ही काय कराल? मला काही करता येईना. मी नुसता घरघरलो.

त्याच दुपारी बाहेर धुळीची वावटळ उठली. अंगणात वाळत घातलेली बाळाची लंगोटं त्रिवेणीनं पटापट आत आणली आणि वावटळ थांबल्यावर मागची खिडकी उघडून तिच्या गजांवर टाकली. बाहेर आता झाडाचं पान हलत नव्हतं. तरी लंगोटं फडफडायला लागली आणि गजांतून बाहेर झेपावली. त्रिवेणी थबकली. तिनं तळहात खिडकीपाशी धरला, मग माझ्याकडं वळून बघितलं.

"अगं बाई! कोंडून घातलंय होय ह्याला!"

तिनं दाराखालची गोधडी ओढून फेकली, मागची खिडकी सताड उघडली. मी जीव खाऊन वारा सोडला. साचलेली ओल भसाभस निघून गेली. मग बाळ झोपल्यावर तिनं मला बंद केलं आणि माझं क्षाराने दगड झालेलं गवत काढून नवं भरलं. टाकी घासली. जुनं पाणी, ज्यात डासांनी संसार मांडायला घेतला होता, अंगणातल्या बेलाच्या बुडाशी ओतलं. गवत भिजलं की पाण्याची मोटर थोडा वेळ बंद ठेवायची, नुसता पंखा चालवायचा, हेही तिनं करून बघितलं. इकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मीसुद्धा अर्ध्या पाण्यावर राहायला शिकलो.

कामानं दोन दिवस परगावी गेलेला रुद्रेश शनिवारी घरी आला आणि दारातूनच ओरडला, "अगं, खिडकी उघडी! गारवा सगळा गल्लीत चाललाय!"

"जाऊ द्या की. मागून नवा यायलाय. तुमी आधी बाळाच्या मानंला हात लावून बघा."

त्यानं लावला. मान कोरडी होती. घामोळ्या मावळत चालल्या होत्या. बाळ तोंडात अंगठा घालून गाढ झोपलेलं. रुद्रेश माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा घामेजलेला सदरा मी वाळवून दिला. राग धरला नाही.

"पण दुकानात सांगून आलोय, त्याचं काय?" तो पुटपुटला.

"दुकानात सांगून आलाव. घरात इचारलं होतं का?"

शांतम्मा पदर तोंडाला लावून हसल्या. "बोल की आता! माझं भस्मबी सुटं झालंय बघ. आण जा तिची मशीन."

रविवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. जाताना मी त्याला एक जोरदार घर्रर्र ऐकवलं.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला टाकून देऊ नका. आधी बघा, आपणच त्याचा श्वास तर कोंडला नाही ना? माझ्यासमोरची एक खिडकी उघडी ठेवा, मला धुवा, शिळं पाणी पोटात राहू देऊ नका. मग वीजही वाचेल, पैसाही वाचेल आणि मी वैशाखाशी दोन हात करीन.

परवा त्रिवेणी नव्या मशीनवर झबलं शिवत होती. तिची सहा वर्षांची लेक महेश्वरी गल्लीत भाजी विकणाऱ्या सुमनमावशीकडून कोथिंबीर घेऊन आली. गाल लालबुंद झालेले.

"आई, सुमनमावशीची सगळी भाजी सुकायलीय. बन्सीधरकाकांच्या एसीचा बाहेरचा डबा तिच्या डोक्यावरच गरम वारा सोडतोय."

"तिला म्हणावं, जरा सरकून बस."

"कुठं सरकंल ती? सावली तेवढीच हाय." महेश्वरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, केस उडू दिले आणि जरा विचार करून म्हणाली, "आई, काकांनी त्यांची गरमी मावशीकडं टाकली. मग मावशीनं तिची कुठं टाकायची?"

मशीन थांबली. त्रिवेणीनं सुकलेली जुडी हातात घेतली, लेकीकडं बघितलं. मग ती उठली आणि पाण्याचा तांब्या भरून सुमनमावशीकडं निघाली.