फुलांची रोवणी

दामिनीने फाटक ढकललं आणि डोक्यावरचं टोपलं उतरवायच्या आधीच तिला वाफ्यातलं पाणी दिसलं. अंगणाच्या कोपऱ्यात तिने चार हात लांबीचा वाफा करून ठेवला होता, वाळू मिसळून, भुसभुशीत. त्याचा चिखल झाला होता. वर बोटभर पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात तिची कार्नेशनच्या फुलांची रोपं उभी. तीन-चार रोपांचा एक झुबका, मग वीतभर जागा, मग पुन्हा झुबका. ओळी मात्र दोरी धरून लावाव्या इतक्या सरळ. ज्या घमेल्यात ती रोपं सात आठवडे वाढली होती, ते धुऊन भिंतीशी पालथं घातलेलं होतं.

ती टोपलं घेऊन तशीच उभी राहिली. सकाळपासून लोकांच्या खळ्यावर मळणीला धान चुरून तिच्या पाठीचं लाकूड झालं होतं, आणि आता ओरडायलाही अंगात जोर नव्हता.

बी तिच्या नवऱ्याने, रोशनने आणलं होतं. तो रायपूरला एका नर्सरीत कामाला आहे. मालकाने राहायला खोली दिली, दामिनीलाही काम द्यायला मालक तयार आहे. पण दीड वर्षापूर्वी रोशनची आई, सुशिलाबाई, धानाची लावणी, म्हणजे रोवणी, चालू असताना शेताच्या धुऱ्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत प्लेट बसली आणि म्हातारी खाटेला लागली ती लागलीच. तिला उठवणं, बसवणं, संडासला नेणं, न्हाऊ घालणं, सगळं दामिनीच्या खांद्यावर आलं. रोशन दसऱ्याला आला तेव्हा त्याने फुलांचं चित्र असलेली पुडी बायकोच्या हातात ठेवली. माणसाला बोलवता येत नाही म्हणून बी आणून द्यायचं, हा कुठला न्याय? दामिनीला राग आला होता. तरी तिने बी टाकलं. नव्वदेक रोपं उगवली, निळसर हिरवी, नाजूक, आणि या घरात आपलं स्वतःचं म्हणावं असं काहीतरी आहे असं तिला पहिल्यांदा वाटलं.

रोशनने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पाणी कमी. एकेक रोप मातीसकट उचलून वेगळं लाव. मुळाशी पाणी साचलं की संपलं. ती रोज म्हणायची, रविवारी लावते. तीन रविवार धान चुरण्यात गेले.

"देवकाबाई आल्ती का?" तिने ओसरीकडे बघत विचारलं. शेजारची देवकाबाई अधूनमधून म्हातारीजवळ बसायला यायची.

"नाई," खाटेवरून सुशिलाबाई म्हणाली.

"मंग हे कोनं लावलं?"

दामिनीने टोपलं ठेवलं आणि ती वाफ्याजवळ वाकली. ओळींच्या मधल्या चिखलात पावलं उमटली होती, मागे मागे सरकत गेलेली. रोवणी करणारी बाई अशीच उलटी चालते. उजव्या पावलाचा अंगठा बाहेर वळलेला होता. ते पाऊल दामिनीने दीड वर्ष तेल लावून चोळलं होतं. ते कोणाचं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती ओसरीवर आली. खाटेजवळचा वॉकर कोरडा होता, त्यावर दामिनीने सकाळी वाळत घातलेली साडी तशीच होती. सुशिलाबाईने चादर कमरेपर्यंत ओढून घेतली होती. दामिनीने ती पायांकडून वर केली. पोटऱ्यांवर चिखल सुकून भेगाळला होता.

"पऱ्हे म्हातारे होऊन राहिले होते," सुशिलाबाई रोपांकडे बोट दाखवत घाईघाईने म्हणाली. "रोज इथूनच पाहून राहिली होती मी. पिवळे पडाले लागले. पऱ्हे असे पडलेले पाहवत नाई माह्याच्यानं."

"कवापासून चालता?"

म्हातारीने चादरीचा दोरा ओढला. "पोळ्यापासून. तू कामाले गेली का भित धरून चालत होती. मंग भित सोडली."

पोळा होऊन तीन महिने झाले होते. तीन महिने दामिनी रात्री पाठीला मलम लावून घेत होती, आणि ही बाई तिच्या गळ्यात हात टाकून रोज सकाळी उठत होती. दामिनीला इतका संताप आला की तिला क्षणभर समोरचं नीट दिसेना.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू रायपूरले गेली असती."

दामिनी उठून वाफ्याकडे गेली. तिने एक झुबका उपटला. धानाचे पऱ्हे मुठीने उपटतात आणि मुळांची माती पाण्यात आपटून धुतात. सुशिलाबाईने तेच केलं होतं, मन लावून. रोपांना मुळं उरलीच नव्हती, नुसते पांढरे देठ होते. एकेकाळी पाच गावांतून हिला रोवणीला बोलावणं यायचं. त्याच हाताने हे केलं होतं.

"आज माना टाकतीन," खाटेवरून आवाज आला, जरा आशेचा. "टाकतेच. तीन दिवसात उभे होतीन."

"नाई होत. हे धान नोहे, आई."

"सगळे जातीन?"

"सगळे."

सुशिलाबाईचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेली तेव्हाही तो इतका उतरला नव्हता. ती नखांतला सुकलेला चिखल काढू लागली.

"आता जाशीन तू," ती म्हणाली.

दामिनीने नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. राग अजून होता, पण त्याहून थकवा जास्त होता, आणि थकव्याच्या आत कुठेतरी मोकळं वाटत होतं, त्याची तिला लाजही वाटली.

"पुडीत थोडं बी उरलं हाये," ती म्हणाली. "आता नोका टाकू, मोठे होईस्तोवर ऊन लागन. पुढच्या दसऱ्याले टाका. पाणी कमी. माती सुकली का मंगच द्या. मुळं धुवाची नाई. एकेक लावा, दूर दूर."

"मी टाकू?"

"मंग कोन?"

सुशिलाबाईने चादर बाजूला सारली आणि चिखलाचे पाय जमिनीवर टेकवले. दामिनीचा हात सवयीने पुढे झाला. तिने तो मागे घेतला.

म्हातारी उठली, जराशी डुलली, आणि एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघाली.

"कोनत्या डब्यात ठेवलं?" तिने आतून विचारलं.