डाळिंबाचा चोथा

मी चहाची गाळणी. सिंकशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. एरवी कोणाशी बोलत नाही. आज बोलतेय, कारण या घरात आरोग्य शिरलंय.

तारेच्या जाळीला गोल कडी बसवली, दांडा जोडला, एवढाच माझा जन्म. दहा वर्षं चहापत्ती अडवली, कोणी नावं ठेवली नाहीत. मग बाबांच्या मुलाने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं आणि रोज सकाळी मिक्सर ओरडू लागला. डाळिंबाचे दाणे, केळं, दही, दोन खजूर. याला म्हणे स्मूदी म्हणायचं. डाळिंब सोलते त्याची बायको, ओटा पुसते त्याची बायको. हा बटण दाबतो आणि कपाळावरचा घाम पुसतो.

"बाबा, सगळं संपवायचं हं. गाळायचं नाही. बियांतच तर खरं फायबर असतं!"

बाबांना कवळी आहे. बियांचा भरडा कवळीखाली गेला की हिरड्या सोलून निघतात. पण पोरगं हौसेनं करतंय, त्याचं मन कसं मोडायचं? म्हणून तो आंघोळीला गेला की बाबा हळूच मला खिळ्यावरून काढत. चमच्याने दाबत दाबत गाळत. चहाचा वास लागायचा, तरी मिटक्या मारत पीत.

गंमत सांगू? मुलाच्या स्वतःच्या ग्लासात रोज बोटभर चोथा उरतो. तो पाणी घालून सिंकमध्ये ओततो. मी वरून बघत असते. फायबर आमच्या पाइपाला फार मानवलंय.

एकदा टॉवेल विसरला म्हणून तो परत आला. बाबा माझ्यासकट सापडले.

"म्हणजे मी इथे मर मर मरतोय आणि तुम्ही सगळा कस फेकून देताय?"

त्याने मला खणात कोंबलं. खण धड लागत नाही, म्हणून फटीतून पुढचं दिसलं. तीन दिवस त्याने समोर बसून बाबांना पाजलं. चौथ्या दिवशी बाबांनी ताट सरकवलं. "भूक नाही."

"भूक आहे, तोंड सोललंय त्यांचं," सून म्हणाली. "जरा बघा तरी!"

"होईल सवय," मुलगा म्हणाला.

तेव्हा बाबांनी कवळी काढली, पाण्याच्या वाटीत टाकली आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली. तळाशी लाल कणी बसली. बोळक्या तोंडाने म्हणाले, "हे घे बाळ, आजचं फायबर. फुकट घालवू नकोस, तुझ्या ग्लासात घाल."

सून तोंड फिरवून हसली. मुलगा हसला नाही. पाण्यात थोडं रक्तही होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला खणातून काढलं. सवय नाही, चमचा असा रेटला की माझी जाळी कडेने फाटली. पण तोवर बाबांचा ग्लास स्वच्छ भरला होता.

आता चहात पत्ती उतरते. सून म्हणते, फेका हिला. खुशाल फेका. फक्त नवी आणायला बाबांना पाठवू नका. मुलाने जावं, बारीक जाळीची पारखून आणावी, आणि गाळायलाही त्यानेच उभं राहावं. बाबांनी नुसतं बसून प्यावं.