तलावाच्या तोंडावरचं घर

नागप्पा बिराजदारला घर दाखवायचं म्हणजे आधी खिडक्या दाखवायच्या, बाकी सगळं मागून. सगळा जन्म सोलापुरात गेला, पत्र्याखाली उन्हाळे काढले, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हणून बॅरलं भरून ठेवली. असल्या माणसाला वारा आणि पाणी यापलीकडं सुख ते काय ठाऊक असणार? तिथवर त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. चूक झाली ती पुढं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात तो जॉबर होता. बंद पडलेला माग त्याच्या हाताखाली चालू व्हायचा. एकुलती एक पोरगी राजेश्वरी, तिनं रक्त तपासायचं शिक्षण घेतलं आणि थेट कॅनडा गाठला. तोही पार उत्तरेला, तलावाकाठच्या एका लहान गावात, तिथल्या दवाखान्यात रात्रपाळीला. गेली ती ऑगस्टमध्ये. हवा छान होती, झाडं हिरवीगार होती आणि राहायला घर बघायचं होतं.

एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉल लावून दोन घरं दाखवली. नागप्पा फोन धरून बसला, बायको सुंदरम्मा खांद्यावरून डोकावत होती.

"हे पहिलं, अप्पा. एक आजी वर राहतात, खालचं तळघर भाड्यानं देतात. सगळं घर तापवणारी भट्टी शेजारच्याच खोलीत आहे, त्यामुळं हिवाळ्यात ऊब राहते म्हणे."

"खिडकी कुटं हाय?"

राजेश्वरीनं फोन वर केला. छताला लागून वीतभर काच होती, काचेबाहेर गवताची मुळं दिसत होती.

नागप्पाचं तोंड उतरलं. "राजी, आपल्यात मातीखाली कोन जातं गं? मेलेलं मानूस. जित्या पोरीला जमिनीत ठिवू व्हय मी?"

हे त्याचं उगीच बोलणं नव्हतं. लिंगायताचं घर, माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत बसवतात. दोन वर्षांमागं त्याची आई गेली, तेव्हा खड्ड्यात उतरून, तिला खांद्याला धरून त्यानंच बसवलं होतं. तेव्हापासून कुठल्याही पायऱ्या तो भिंतीला धरून उतरायचा.

दुसरं घर तलावाच्या अगदी तोंडावर, माडीवर होतं. मोठी खोली, तिला तीन दांडगी तावदानं, आणि तावदानाबाहेर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. पडदे वाऱ्यानं नुसते उडत होते.

"आहाहा! ह्येच घ्यायचं!" नागप्पा जवळजवळ ओरडलाच.

"पण अप्पा, इथले लोक म्हणतात, हिवाळ्यात तलावावरून जो वारा येतो..."

"तितल्या लोकांना वाऱ्याची किंमत काय ठाव? म्हनावं, मे महिन्यात या हितं, पत्र्याखाली झोपा एक दुपार!"

"तिचं ऐका की जरा," सुंदरम्मा म्हणाली.

"तुला काय कळतंय? गप बस."

झालं. राजेश्वरीनं बापाचा शब्द कधी मोडला नव्हता आणि बापानंही तिला मोडायची सवय कधी लावली नव्हती. तिनं तलावाकडचं घर घेतलं, वर्षाचा करार केला.

मग काय विचारता! "पोरीच्या दारात समुंदर हाय," असं नागप्पा येईल त्याला सांगायचा. कारखान्यात दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, दाढी करता करता न्हाव्यालासुद्धा दाखवलं. मागावरचा कल्लप्पा त्याचा जुना दोस्त. तो चिडवायचा, "आरं नागू, पानी बघून बघून आमाला तहान लागली, आता च्या तरी पाज." नागप्पा खुशीत चहा पाजायचा.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तोही तिनं कौतुकानं दाखवला. त्यानंतर मात्र तलाव दिसेनासा झाला. नागप्पा फोन करायचा सकाळी कामावर जाण्याआधी, तेव्हा तिकडं रात्र, ती पाळीला निघायच्या बेतात. तलाव दाखव म्हटलं की ती म्हणायची, बाहेर अंधार आहे. ते खरंही होतं. ती एका जागी बसून बोलायची, थोडंच बोलायची, मधेच खोकायची.

"तिच्या मागं सारखी पांढरी फरशीच दिसती," सुंदरम्मा एकदा म्हणाली.

"मोठी घरं हायत ती. भिंतीला फरशी असती त्यांच्यात."

सुंदरम्मा चुलीकडं वळली. तिला उलटून बोलायची सवय राहिली नव्हती.

जानेवारीत सिद्धेश्वराची, गड्ड्याची जत्रा भरली. संध्याकाळी मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांचं दर्शन घेऊन नागप्पा, कल्लप्पा आणि कारखान्यातले चारदोन जण सिद्धेश्वराच्या तलावाकाठी टेकले. पाण्यात दिव्यांचा उजेड हलत होता. कल्लप्पाला लहर आली. "आपला तलाव बघून झाला. आता तुज्या पोरीचा दाखव की!"

नागप्पानं मोठ्या थाटात फोन लावला.

फोन बऱ्याच वेळानं उचलला गेला. राजेश्वरी पडल्या पडल्या बोलत होती. डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. मागं तीच पांढरी फरशी. "अप्पा? आत्ता कसा काय फोन केला?"

"तलाव दाखव. समदी मंडळी बसल्यात हितं."

"बाहेर अंधार आहे, अप्पा."

"अरं," कल्लप्पा भाबडेपणानं म्हणाला, "आपली संध्याकाळ म्हंजी त्यांची सकाळ की."

सगळ्यांचे डोळे नागप्पाकडं वळले. पोरीनं खोटं सांगावं, तेही चारचौघांत, याचा नागप्पाला संताप आला. "राजी! बापाला फसवतीस व्हय? दाखव म्हनतो ना!"

ती उठली. अंगावरची चादर तशीच ओढत तिनं दार उघडलं आणि फोन मोठ्या खोलीत नेला.

तिन्ही तावदानांना आतून बर्फ धरला होता. चौकटींच्या फटींत टॉवेल कोंबले होते. सुंदरम्मानं बांधून दिलेले सोलापुरी टॉवेल, लाल काठाचे. खिडक्या बंद होत्या, तरी पडदे हलत होते. तिनं बोटानं काच खरवडली. बाहेर तलाव नव्हताच. पांढरं काहीतरी पार आभाळाला जाऊन मिळालं होतं, आणि वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. घरात असून तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तू... झोपतीस कुटं?" नागप्पानं विचारलं.

"न्हाणीत." तिनं चादर गळ्याशी आवळून घेतली. "या घरात तेवढीच एक खोली बिनखिडकीची आहे, अप्पा. हीटर आत घेऊन दार लावलं की झोप लागते."

तिच्या अंगावरची चादर नागप्पानं ओळखली. त्याच्याच कारखान्यातली, त्यानंच निवडून दिलेली. आपली पोर न्हाणीघराच्या फरशीवर चादर पांघरून झोपते आणि आपण गावभर समुद्र दाखवत हिंडतो, याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. कल्लप्पानं बाकीच्यांना डोळ्यानं खुणावलं आणि तो त्यांना घेऊन लांब गेला.

"सांगितलं का न्हाईस गं?"

"तुम्ही सगळ्यांना दाखवत होता ना. म्हटलं, एक हिवाळा कसाबसा काढू." ती खोकली. खोकला बराच वेळ थांबेना. "आजींची खालची खोली नाताळात रिकामी झाली. त्या दोनदा विचारून गेल्या. इथले मालकही म्हणाले, खुशाल जा, उन्हाळ्यात या घराला पुष्कळ लोक मिळतात. आजींना आज सांगायचंय. नाहीतर त्या दुसऱ्याला देतील."

"मग जायाचं की! कुनाची वाट बघत व्हतीस?"

"तुम्ही नको म्हणाला होता. जमिनीखाली राहायचं नाही म्हणाला होता."

नागप्पाला आईचा दिवस आठवला. त्या दिवशी वारं मरणाचं सुटलं होतं. वर माणसांच्या डोळ्यांत माती जात होती, टोप्या उडत होत्या. आणि खाली खड्ड्यात आईचा एक केससुद्धा हलत नव्हता. तिला बसवून हात सोडताना त्याच्या मनात आलं होतं, चला, हिला आता वारा लागायचा नाही. हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि पोरीचं घर बघताना ते त्यानं मनावर घेतलं नाही. गाढवासारखा खिडक्या बघत बसला.

जीव फार कळवळला की त्याच्या तोंडी घरची कानडी यायची. "होगव्वा," तो म्हणाला. "जा माय. खाली जा."

"अप्पा, तुम्हाला चालेल?"

"मला काय चालायचंय? झोपायचं तुला हाय. मातीखाली वारं न्हाय लागत. मी उतरून बघितलंय." त्यानं फोन तोंडाजवळ धरला. "मी सांगतोय, जा. ह्यो फोन ठिव आन् आदी त्या आजीला सांग."

ती रडायला लागली. तोही रडला, तिथंच पायरीवर बसून, जत्रेची माणसं येत-जात असताना. घरी जाऊन त्यानं सुंदरम्माला सगळं सांगितलं. "तू म्हनलीस तवा ऐकायला पायजे व्हतं," असंही म्हणाला. ती उठून आत गेली, आणि त्या रात्री दोघंही धड जेवली नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाळी सुटायच्या वेळेला राजेश्वरीचा फोन आला. नागप्पा कारखान्याच्या गेटशी होता. ती कामावरून नुकतीच आली होती. अंगात साधा सुती गाऊन, पाय उघडे, चादर घडी करून उशाला. फोन कशाला तरी टेकवून ती बोलत होती, काय जेवली, आजींनी कसलं सूप दिलं. बोलता बोलता तिचे डोळे मिटले. फोन तसाच चालू राहिला.

मागून नवा कामगार संगमेश आला आणि वाकून बघायला लागला. "काका, ह्येच का तलावाचं घर? लई ऐकलंय." मग बारकाईनं बघून म्हणाला, "पर ह्याला तर खिडकीच दिसंना की."

सायकल काढता काढता कल्लप्पा थबकला.

"न्हाय खिडकी," नागप्पा म्हणाला. "जमिनीखाली हाय ते घर. आन् जरा हळू बोल, पोरगी झोपलीय माझी."