दर शुक्रवारी मरणारा भाऊ

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात एक माणूस मरतो आणि मला यंत्रात घातलं की पुन्हा मरतो. मला ते थांबवता येत नाही.

१९८२ साली बहारीनमध्ये, अदलियातल्या एका व्हिडिओच्या दुकानात मला भरलं. सिनेमा जपानी, खाली अरबी अक्षरं. धाकटा भाऊ मरताना थोरल्याला काहीतरी सांगतो आणि मग थोरला तलवार घेऊन एकेकाला गाठतो. गिऱ्हाइकांनी मला डोक्यावर घेतलं. माझ्यासाठी नंबर लागायचे. मीही तेव्हा भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू?

मग मला वसईच्या बेसिलने विकतच घेतलं. त्याचा धाकटा भाऊ इलायस तुबलीच्या एका गॅरेजात कामाला होता; तिथे जॅक सटकून तो गाडीखाली सापडला आणि गेला. जॅक लावला होता त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नजीबने. बेसिलला ना जपानी येई, ना अरबी. त्या मरणाऱ्या भावाच्या शब्दांचा अर्थ त्याने स्वतःच लावला होता, "माझा सूड घे." दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो तेवढीच जागा मागे नेऊन बघायचा. तिथे माझी फीत झिजली. चेहऱ्यावर पांढरे पट्टे आले, तरी ओठ हलत राहिले. पुढे त्याच्या पिशवीत एक जड पाना आला, तेव्हा मला माझीच भीती वाटू लागली. हा माझ्यामुळे माणूस मारणार होता.

एका शुक्रवारी दुपारी शेजारची हुस्ना आली. ती रत्नागिरीकडची, पण शिकली इथल्याच अरबी शाळेत. चहा पिता पिता ती पडद्याकडे बघून म्हणाली, "बेसिलभाऊ, त्याला पाणी तरी द्या कुणी. किती वेळ मागतोय."

"कोण मागतोय?"

"हा मरणारा. खाली लिहिलंय ना, 'दादा, जरा पाणी दे.'"

बेसिलचा हात बटणावरच राहिला. "काय झालं?" त्याची बायको मेबल म्हणाली.

"इलायसपण मागत होता. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने सांगितलं मला. तासभर शुद्धीत होता. आणि मी तिथे नव्हतो, मेबल. मी तुबलीत नजीबला शोधत होतो."

दोन वर्षं त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

मला दुकानात परत विकायला म्हणून तो पिशवी घेऊन निघाला, पण टॅक्सी त्याने तुबलीला नेली. पाना माझ्या अंगाला घासत होता. नजीब गॅरेजमागच्या खोलीतच राहायचा. दार उघडल्याचा आवाज आला आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

बेसिलने एवढंच विचारलं, "इलायस को पानी किसने दिया?"

"मैंने," नजीब म्हणाला. "हॉस्पिटल में मैं ही था. दो घूँट पिया. फिर बोला, बेसिल को भी पिलाना, धूप में आएगा."

बेसिल खालीच बसला आणि रडला.

त्या दिवसापासून मी आणि पाना, दोघंही नजीबच्या खोलीत आहोत. इथे यंत्र नाही. माझ्यावर धूळ बसते, तरी आतला तो भाऊ मागतच असतो. मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका. पण मरणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.