दोनशे अकरा

छप्पन सालची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्रासाठी आम्ही दोनशे अकरा जण जेलात होतो. जेलर भारी शिस्तीचा. सारख्या रांगांत बसा, नाहीतर जेवण नाही! पाचपाचच्या रांगा केल्या, एक उरला. सातसातच्या केल्या, आयला, परत एकच! दरवेळी उरायचा तो टोकाला उभा असलेला हेरंब. खोताच्या वाडीतला कारकून, लग्नाला महिनाही झाला नव्हता.

जेलर त्याला म्हणाला, "तूच जास्तीचा आहेस. माफी माग आणि जा बायकोकडे. रांगाही जुळतील."

हेरंबचे पाय गेटाकडे वळलेच. तेवढ्यात आमचे शरच्चंद्र मास्तर, गिरगावात गणित शिकवायचे, ते ओरडले, "थांब रे! दोनशे अकरा ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाला तिचे सारखे वाटे करता येत नाहीत. तू गेलास की उरले दोनशे दहा. मग दोनाने तोडा, तिनाने तोडा, पाचाने, साताने, कसंही तोडा!"

"म्हणजे मी जास्तीचा नाही?"

मी म्हटलं, "अरे येड्या, तू आहेस म्हणून तर आम्ही तुटत नाही!"

हेरंब मागे फिरला. जेलर खेकसला, "मग रांगांचं काय?"

हेरंब भिंतीला टेकून बसला. त्याच्या बाजूला मास्तर, मग मी, मग बाकीचे. अख्ख्या अंगणाला वळसा घालून एकच रांग झाली.

"झाल्या सगळ्या रांगा सारख्या, साहेब," हेरंब म्हणाला. "आता वाढा भाकऱ्या!"