धुराचं तोंड

"वास येस का व?" गोकुळने सवयीने ओरडून विचारलं.

"येत नई," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्याने निर्धास्त बटण दाबलं. लेसरचा निळा ठिपका प्लायवर अक्षरं कोरू लागला, आणि मग गोकुळने दचकून आत वळून पाहिलं. त्याची बायको सीमा वारून चार महिने झाले होते.

कोरोनाने गोकुळला सोडलं, पण वास घेण्याची शक्ती नेली ती नेलीच. पंचवीस वर्षं विजेच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करून त्याने दोन मोडक्या प्रिंटरांतून हे लेसरचं मशीन उभं केलं, तेव्हा नंदुरबारात लोक म्हणाले, गोकुळला म्हातारपणी खेळणं सापडलं. सापडू दे की! वर प्लायची पेटी, मागे जळत्या प्लायचा धूर ओढायला जुन्या कूलरचा पंखा, भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर. धूर गेला की नाही, हे मात्र सीमा सांगायची. आतल्या पाटावर बसून रोज एकच उत्तर: "येत नई." मग खोकला. खोकला जुनाच आहे, असं दोघंही म्हणत.

मशीन बंद करून तो आत गेला. भर दुपार, पाट रिकामा. खिडकीच्या फटीत सीमाच्या लुगड्याची चिंधी खुपसलेली होती. त्याने ती ओढली. चिंधी ओली होती! चार महिन्यांत या खिडकीला कोणी हात लावला नव्हता.

ही फट कशासाठी बुजवली, ते पाहायला त्याने पेटीत अगरबत्त्यांचा जुडगा पेटवून ठेवला, पंखा लावला. धूर मुकाट्याने पाइपात शिरला. गोकुळ धावत स्वयंपाकघरात आला, तर तोच धूर खिडकीतून आत येऊन पाटावर उतरत होता. पाइपाचं तोंड त्याने खिडकीच्या हातभर खालीच काढलं होतं. कामाची खोली स्वच्छ, आणि सगळं विष तिच्या छातीत!

"तुले आते समजनं का, भाऊ?" शेजारची भिकुबाई खिडकीबाहेर उभी होती. "रोज ओली चिंधी खुपसे ती. माले म्हने, त्यासले सांगू नको, मशीन बंद करी टाकतीन. इतला वरीसमा ते पहिलींदाव हसी ऱ्हायनात."

आपल्या एका हसण्यासाठी! गोकुळ पाटाशेजारी बसून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाइप छताच्या पत्र्याच्याही वर चार हात नेला, तारेने आवळला. चिंधी धुऊन दोरीवर टाकली. पेटीत अगरबत्ती लावून पंखा सुरू केला आणि बटणावर बोट ठेवलं.

"सीमा, वास येस का व?"

त्याने बराच वेळ वाट पाहिली. आज आतून कोणी खोटं बोललं नाही.